फ्लटरमधली प्लगिन्स: घेण्याआधी आणि घेतल्यावर

फ्लटर (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयओएसची अॅप्स बनवण्याचं साधन) शिकणारा त्याच्या डार्ट भाषेत फारसा अडत नाही, तो अडतो प्लगिन्समध्ये, म्हणजे कॅमेऱ्यासारख्या फोनच्या सोयी अॅपला जोडून देणाऱ्या तयार कोडमध्ये. साधं पॅकेज म्हणजे निव्वळ डार्टचा कोड. प्लगिनच्या पोटात मात्र अँड्रॉइडसाठी कोटलिन किंवा जावा आणि आयओएससाठी स्विफ्ट किंवा ऑब्जेक्टिव्ह-सी असते. त्यामुळे पबस्पेकमध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसची यादी असलेली फाइल) एक ओळ वाढली की ग्रेडल (अँड्रॉइडचं बिल्ड साधन) आणि कोकोपॉड्स (आयओएसच्या लायब्ररी जोडणारं साधन) यांच्या अटीही प्रोजेक्टला लागू होतात.

प्लगिन निवडताना पब डॉट डेव्ह या पॅकेजेसच्या साइटवरच्या १६० पैकी गुणांवर विसंबू नका. ते गुण कोडची मांडणी, दस्तऐवज आणि अवलंबित्वं तपासून मिळतात. खऱ्या फोनवर कॅमेरा उघडतो की नाही हे त्यातून कळत नाही. शेवटचं व्हर्जन कधी आलं, उघड्या तक्रारींना उत्तरं मिळतात का आणि तुम्हाला हवे ते सगळे प्लॅटफॉर्म यादीत आहेत का, ते पाहा. मग त्याचं उदाहरण-अॅप एका अँड्रॉइड फोनवर आणि एका आयफोनवर चालवा. यात अर्धा तास जातो, पण पुढचे कित्येक दिवस वाचतात.

प्लगिन जोडल्याबरोबर ‘मिसिंग प्लगिन एक्सेप्शन’ हा एरर आला तर घाबरू नका. हॉट रीलोड आणि हॉट रीस्टार्ट (पुन्हा बिल्ड न करता चालू अॅपमध्ये बदल आणण्याच्या सोयी) फक्त डार्टचा कोड बदलतात, नेटिव्ह भाग, म्हणजे कोटलिन किंवा स्विफ्टचा कोड, आत येत नाही. अॅप पूर्ण बंद करून पुन्हा बिल्ड करा.

अँड्रॉइडवर सगळ्यात जास्त छळतो तो ‘नेमस्पेस नॉट स्पेसिफाइड’ हा एरर. अँड्रॉइड ग्रेडल प्लगिनच्या (हे फ्लटरचं नाही, ग्रेडलचं प्लगिन) ८ व्या व्हर्जनपासून नेमस्पेस, म्हणजे कोडचं वेगळं ओळखनाव, बिल्ड फाइलमध्ये लिहावाच लागतो. जुन्या प्लगिन्समध्ये तो मॅनिफेस्टमधल्या (अॅपची माहिती आणि परवानग्या असलेली अँड्रॉइडची फाइल) पॅकेज नावावरून घेतला जायचा. आधी प्लगिनचं नवं व्हर्जन शोधा. लेखकाने काम सोडलं असेल तर फोर्क करा, म्हणजे त्या कोडची स्वतःची प्रत घ्या, दुरुस्ती तिथे करा आणि पबस्पेकमध्ये गिटचा पत्ता नेमक्या कमिटसह द्या. पब कॅशमधली (तुमच्या मशीनवर उतरवलेली पॅकेजेस) फाइल हाताने बदलू नका. तुमच्या मशीनवर बिल्ड होईल, पण सहकाऱ्याच्या मशीनवर आणि बिल्ड सर्व्हरवर पडेल.

‘मॅनिफेस्ट मर्जर फेल्ड’ हा एरर बहुधा किमान एसडीकेमुळे येतो, म्हणजे प्लगिनला अॅपपेक्षा नवं अँड्रॉइड लागतं तेव्हा. एरर स्वतःच ही अट डावलणारा ‘ओव्हरराइड लायब्ररी’ हा पर्याय सुचवतो. ते केलं तर बिल्ड होतं आणि जुन्या फोनवर अॅप क्रॅश होऊ शकतं. त्याऐवजी अॅपच्या किमान एसडीकेचा आकडा २४ वरून २६ वर नेला तर अँड्रॉइड ७ चे फोन सुटतात, म्हणून हा निर्णय एकट्या डेव्हलपरने घेऊ नये.

आयओएसवर कॅमेरा किंवा माइक वापरण्याचं कारण इन्फो डॉट पीलिस्ट या अॅपच्या माहितीच्या फाइलमध्ये लिहिलेलं नसेल, तर बिल्ड नीट होतं आणि कॅमेरा उघडताक्षणी अॅप बंद पडतं. म्हणून परवानगीचा प्रत्येक रस्ता खऱ्या फोनवर तपासा. ‘हायर मिनिमम डिप्लॉयमेंट टार्गेट’ (प्लगिनला आयओएसचं नवं किमान व्हर्जन हवं) असा निरोप आला तर पॉडफाइल या कोकोपॉड्सच्या फाइलमधली प्लॅटफॉर्मची ओळ आणि एक्सकोडमधलं टार्गेट, दोन्हीकडचा आकडा वाढवा.

व्हर्जनच्या चिन्हाचा अर्थ नीट समजून घ्या. ^१.२.३ म्हणजे १.२.३ पासून २.०.० च्या खालचं काहीही चालेल, पण ^०.४.२ ची मर्यादा ०.५.० च्या आतच संपते. पबस्पेकची लॉक फाइल आणि पॉडफाइलची लॉक फाइल (प्रत्यक्ष घेतलेली नेमकी व्हर्जन्स यांत नोंदलेली असतात), दोन्ही गिटमध्ये ठेवा. बिल्ड सर्व्हरवर पॅकेजेस उतरवणाऱ्या ‘पब गेट’ या कमांडला ‘एन्फोर्स लॉकफाइल’ हा पर्याय द्या, म्हणजे व्हर्जन गुपचूप बदलणार नाही. अपग्रेड करताना ‘पब आउटडेटेड’ची यादी पाहून एका वेळी एकच प्लगिन हलवा, दोन्ही प्लॅटफॉर्मवर बिल्ड करा, कमिट करा. दहा एकदम हलवली तर कुठल्यामुळे मोडलं हे शोधण्यातच दिवस जातो. पबस्पेकमध्ये एखादं व्हर्जन जबरदस्तीने लादणारा ‘डिपेंडन्सी ओव्हरराइड्स’ हा तात्पुरता टेकू आहे. शेजारी कारण आणि तारीख लिहून ठेवा.

काही अडचणी स्टोअरकडून येतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून गूगल प्ले अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढचं व्हर्जन लक्ष्य करणाऱ्या नव्या अॅप्सना आणि अपडेट्सना १६ केबी मेमरी पेजचा (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो त्यांचा आकार) आधार मागतं. सी किंवा सी++ ची लायब्ररी आत असलेल्या प्लगिन्सचाच इथे प्रश्न येतो, आणि तो डार्टमधून सुटत नाही. ती लायब्ररीच नव्याने बिल्ड व्हावी लागते.

अशा वेळी प्लगिन बदलायचं ठरलं, तर ते किती फाइल्समधून वापरलं जातं यावर सगळं अवलंबून असतं. प्रत्येक प्लगिनभोवती आपला एक क्लास ठेवा आणि इम्पोर्ट फक्त तिथेच करा. प्लगिन काढल्यावर विलीन झालेला मॅनिफेस्टही (अॅप आणि प्लगिन्सचे मॅनिफेस्ट मिळून बिल्डमध्ये बनलेला) उघडून पाहा: त्याच्यासाठी तुम्ही हाताने लिहिलेली परवानगी तिथे अजून उरलेली असू शकते.