कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला, आता काय करायचं?

माझ्या रिपोर्टवरचा ठळक आकडा बघून घरात पहिला बळी गेला तो वरणभातावरच्या तुपाचा. दुसरा अंड्याचा. संध्याकाळच्या चहात बुडवायची खारी मात्र सहीसलामत वाचली. ओळखीच्या निम्म्या घरांत हेच झालेलं बघितलं, म्हणून जरा क्रमाने सांगतो.

आधी रिपोर्ट वाचा, मग घाबरा

माझे आकडे असे होते: टोटल 228, एचडीएल 36, ट्रायग्लिसराइड 260, एलडीएल 140. सगळे टोटल बघतात, पण एकट्या टोटलवरून फारसं कळत नाही. एलडीएलचे कण कोलेस्टेरॉल शरीरभर पोचवतात. ते फार झाले की रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून साठायला लागतात. एचडीएल उरलेलं कोलेस्टेरॉल गोळा करून यकृताकडे परत आणतं. ट्रायग्लिसराइड हे तर कोलेस्टेरॉलच नव्हे, ती चरबी. जास्तीची साखर, मैदा, भात आणि दारू यांतून यकृत ती तयार करतं.

साधारणपणे एलडीएल 100 च्या आत, ट्रायग्लिसराइड 150 च्या आत, आणि एचडीएल पुरुषांत 40 च्या वर, बायकांत 50 च्या वर असावं. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर एलडीएलची मर्यादा आणखी खाली येते. ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

आता एक वजाबाकी करा. टोटलमधून एचडीएल वजा करा. माझं 228 वजा 36, म्हणजे 192. हा आकडा 130 च्या आत हवा. रक्तवाहिन्यांना त्रास देणारा सगळा माल त्यात येतो, आणि नाश्ता करून रक्त दिलं तरी तो फारसा हलत नाही. बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, हिशेबानं काढतात: टोटल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. माझं करून बघा, 140 च येतं. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर हा हिशेब फसतो. मग एलडीएल थेट मोजून मागा.

चढलेलं ट्रायग्लिसराइड आणि उतरलेलं एचडीएल ही जोडी आपल्या देशात घरोघरी सापडते. तिचं मूळ बहुतेक वेळा पोट सुटण्यात, बसून राहण्यात आणि पिठा-साखरेत असतं. चमचाभर तूप उगाच बदनाम होतं.

तेलाच्या पिशवीवर तारीख टाका

कुठलं तेल चांगलं यावर आमच्याकडे दोन दिवाळ्या वाद चालला. किती तेल लागतं, हे कुणीच मोजलं नव्हतं. शेवटी बायकोनं पिशवी फोडली की त्यावर पेनानं तारीख लिहायला सुरुवात केली. चार माणसांना महिन्याला साडेतीन लिटर! फोडणीची पळी चहाच्या चमच्यानं मोजली तर तिच्यात चार चमचे मावत होते, आणि आमटीला एक, भाजीला दोन पळ्या पडत होत्या. पळी बदलली. आता डब्यात चमचा असतो, आणि चौघांना दोन लिटर पुरतं. भाजी आधी पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून वाफवली की कमी तेल जाणवत नाही.

पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ छापलेलं असतं, त्याला भुलू नका. शेंगदाण्यात, करडईत, सूर्यफुलात कोलेस्टेरॉल असतच नाही. ते फक्त प्राणिज पदार्थांत असतं. पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या पायथ्याशी ‘येथे भरती-ओहोटी होत नाही’ अशी पाटी लावण्यातला हा प्रकार. शेंगदाणा, करडई, मोहरी आलटून पालटून वापरा. पामतेल आणि खोबरेल एलडीएल वाढवतात. लाकडी घाण्याचं तेलही शेवटी तेलच, ते दुप्पट वापरायची सवलत मिळत नाही. तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

तूप? चहाच्या एका चमच्यात साधारण 3 ग्रॅम संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी, चरबी असते. दिवसाला एक चमचा चालतो. वरणावर, पोळीवर आणि वर शिऱ्यातही, असं तिन्हीकडे नको. अंडं बहुतेकांना रोज एक चालतं.

पानात काय वाढवायचं

यकृत कोलेस्टेरॉल वापरून पित्त बनवतं. कडधान्यं, जव, ओट्स, पेरू, मेथीदाणे, इसबगोल यांतला पाण्यात विरघळणारा चोथा आतड्यात ते पित्त धरून बाहेर नेतो. मग नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. म्हणून मोड आलेली मटकी, चवळी, हुलगे रोज वाटीभर खा. ओट्सचा महागडा डबा नसला तरी अडत नाही. जवसाची चटणी तेल न घालताही होते.

मिसळ सोडा असं मी पुण्यात राहून सांगणार नाही. उसळ उत्तमच असते. घोळ तर्री, फरसाण आणि तिसऱ्या पावाचा. ‘सॅम्पल’, म्हणजे वरून मिळणारा रस्सा, पुन्हा मागू नका.

उपवासाचं मात्र स्पष्ट बोलायला हवं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. एकादशीला खिचडी, वर बटाट्याचा चिवडा, मग गोड ताक: ट्रायग्लिसराइडची दिवाळीच. वरीचा भात थोडा, दाण्याची आमटी आणि काकडी हा बेत बरा. खारी, नानकटाई, क्रीमरोल यांच्यात मैद्याबरोबर वनस्पती तूप असू शकतं, तेव्हा पाकिटामागचा मजकूर वाचाच. चहाबरोबर फुटाणे चालतात. आठवडाभर जीव कासावीस होतो, मग सवय लागते.

चालणं आणि बाकीचं

आठवड्याला 150 मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगानं चाला. पर्वतीच्या 103 पायऱ्या चढल्या तर उत्तमच. तळजाईला फेरी मारून खाली गरम वडा खाणाऱ्यांबद्दल काय बोलावं. मीही त्यातलाच होतो. तंबाखू, सिगरेट, मिश्री बंद. झोपेत घोरत असाल किंवा वजन उगाच वाढत असेल तर डॉक्टरांना सांगा. थायरॉइड तपासून घ्या, ते मंदावलं की एलडीएल चढतं.

गोळीचं काय?

एलडीएल 190 च्या वर असेल तर कारण बहुधा आनुवंशिक असतं. नुसत्या पथ्यानं भागत नाही, आणि भावंडांची, मुलांचीही तपासणी करून घ्यावी लागते. स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी चालू असेल तर आकडा सुधारला म्हणून परस्पर बंद करू नका. तो गोळीमुळेच सुधारलेला असतो. अंग दुखायला लागलं तर डॉक्टरांना सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते. व्हॉट्सअॅपवरचा आलं-लसूण-लिंबाचा काढा हा तिला पर्याय नाही.

मी तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. ट्रायग्लिसराइड 260 वरून 165, एचडीएल 38, एलडीएल 131. म्हणजे चहा-खारीनं चढवलेलं उतरलं, एलडीएल मात्र जेमतेम हललं. वडिलांची बायपास पन्नाशीच्या आत झालेली, त्यामुळे डॉक्टरांनी लहान डोसची गोळी सुरू केली. रात्री जेवण झालं की ती घेतो. पिशवीवर तारीख टाकणं चालूच आहे.