ग्रुप थिअरी सुरू करण्याआधी सदाफुली हातात घ्या

एम.एस्सी. केमिस्ट्रीला ग्रुप थिअरी, म्हणजे सममितीचं गणित आलं, की बरीच मुलं पॉइंट ग्रुपचा (रेणूच्या सगळ्या सममितींच्या संचाचा) फ्लोचार्ट पाठ करायला घेतात. नेट-सेटच्या एखाद्या प्रश्नापुरता तो पुरतोही. पण ज्युनिअर्सना शिकवताना मी पाहिलंय, सममिती एकदा डोळ्यांना दिसायला लागली की पुढचं भराभर कळतं. त्यासाठी सुरुवातीला रेणूंपेक्षा फुलं बरी.

सदाफुलीचं फूल वरून बघा. देठ धरून ७२ अंशांत फिरवलं की पाचही पाकळ्या पुन्हा जशाच्या तशा. म्हणजे सी-फाइव्ह अक्ष आहे, एका फेरीत पाचदा जुळणारा. आता मिरर प्लेन शोधा, म्हणजे आरशासारखं दोन सारखे भाग करणारं प्रतल. नाही सापडणार, कारण प्रत्येक पाकळी भिंगरीच्या पात्यासारखी एकाच बाजूला कललेली असते. गोकर्णाचं उलट. कितीही फिरवा, पूर्ण फेरीशिवाय जुळत नाही. पण मधोमध एक आरसा बरोबर बसतो. हा फरक ज्याला बोटाने दाखवता आला, त्याचा अक्ष आणि प्रतल यांत घोटाळा होत नाही.

मग पाण्याचा रेणू. मॉडेल किट नसेल तर कणकेचे गोळे आणि टूथपिक घ्या, एका हायड्रोजनला हळदीचा ठिपका लावा. कोण कुठे गेला ते कळतं. एक सी-टू अक्ष, दोन मिरर प्लेन आणि ‘काहीच न करणं’ धरून चार ऑपरेशन्स, म्हणजे रेणू पुन्हा तसाच दिसेल अशा क्रिया. या चारांचा पॉइंट ग्रुप म्हणजेच सी-टू-व्ही.

याचा उपयोग काय, तर स्पेक्ट्रम. कार्बन डायऑक्साइडचे दोन्ही ऑक्सिजन एकदम बाहेर-आत होतात तेव्हा डायपोल मोमेंट (रेणूतल्या धन-ऋण भारांच्या विभागणीचं माप) बदलत नाही. म्हणून हे कंपन आयआर (इन्फ्रारेड) स्पेक्ट्रममध्ये दिसत नाही, रामन (विखुरलेल्या प्रकाशाच्या) स्पेक्ट्रममध्ये दिसतं. पाण्याची तिन्ही कंपनं दोन्हीकडे दिसतात. रेणू कार्बन डायऑक्साइडसारखा सरळ की पाण्यासारखा वाकडा, हे नुसत्या रेषांवरून सांगता येतं! मला या विषयाची गोडी इथेच लागली.

सॉलिड स्टेट घेणाऱ्यांनी रांगोळीच्या ठिपक्यांवर नियमित पंचकोन बसवून बघावा. चौरस बसतो, तिरक्या मांडणीत षटकोनही. पंचकोन बसतच नाही. स्फटिकात सी-फाइव्ह नसतो असं त्यामुळेच मानत. १९८२ मध्ये डॅन शेख्टमन यांना अॅल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूत तशी सममिती दिसली, आणि तिला नोबेल मिळायला २०११ उजाडलं.

कॅरेक्टर टेबलकडे, म्हणजे प्रत्येक पॉइंट ग्रुपच्या सममितींचा गोषवारा देणाऱ्या तक्त्याकडे, यानंतर वळा. सी-टू-व्ही आणि (अमोनियाच्या) सी-थ्री-व्हीची टेबलं एकदा तरी स्वतः मांडा, बाकीची पुस्तकातून वापरलीत तरी चालेल.