भूमध्य समुद्राकाठची गावं फिरायचीत? मग मुक्काम सगळ्यात सुंदर गावात करू नका

पोझितानो, सांतोरिनी, दुब्रोवनिक आणि नीस अशी चार वेगळ्या देशांतली ठिकाणं एकाच सुट्टीत बसवायचा प्लॅन नकाशावर झकास दिसतो, पण प्रत्यक्षात अर्धी सुट्टी एअरपोर्टवर आणि बॅगा ओढण्यात जाते. त्यामुळे पहिलं काम म्हणजे एकच किनारा निवडा. शंभरेक किलोमीटरची पट्टी आठवडाभर फिरलात तरी संपत नाही, खरंच.

किनारा निवडताना फोटो बघून ठरवू नका, तिथं इकडून तिकडं जायचं कशानं ते बघा. इटलीतलं लिगुरिया आणि फ्रान्समधला नीस ते माँतोनचा पट्टा ट्रेनचा आहे, रूळ समुद्राला चिकटून जातात आणि गावागावात स्टेशन. इटलीतलाच आमाल्फी किनारा, क्रोएशियातली बेटं, ग्रीसची बेटं हा सगळा बोटींचा मामला. तुर्कीत काश नावाच्या गावाच्या बाजूला दोल्मुश नावाच्या मिनीबस चालतात, हात केला की थांबतात. आणि ग्रीसमधे मोनेमवासिया, कार्दामिली अशा ठिकाणी जायचं असेल तर सरळ गाडी भाड्यानं घ्या, बसच्या भरवशावर तिथं दिवस वाया जातो. पहिल्यांदाच जात असाल तर माझं मत ट्रेनवाल्या किनाऱ्याला, कारण बोट वाऱ्यावर अवलंबून, गाडीला पार्किंगची कटकट, आणि ट्रेन चुकली तर थोड्या वेळानं पुढची येते.

आता मुक्काम. सगळ्यात सुंदर गावात खोली घ्यायचा मोह होतो पण तिथं खोल्या कमी, भाडं चढं, आणि गाव कड्यावर असेल तर बॅग घेऊन पायऱ्याच पायऱ्या. आमाल्फी किनाऱ्यावरच्या पोझितानोत तर हॉटेल कितव्या पायरीवर आहे हे बुकिंग करायच्या आधी विचारून घ्याच. त्यापेक्षा शेजारचं थोडं साधं, सपाट, स्टेशन किंवा धक्का असलेलं गाव धरा. लिगुरियातल्या चिंक्वे तेर्रे या पाच गावांच्या पट्ट्यासाठी लेवांतो, आमाल्फीसाठी सालेर्नो. ही गावं फोटोत कुणी टाकत नाही पण तिथं साधी दुकानं असतात, स्थानिक लोक संध्याकाळी बाकावर बसलेले असतात, आणि सकाळी पहिल्या ट्रेननं किंवा बोटीनं तुम्ही सुंदर गावात गर्दीच्या आधी पोचता.

याला एकच अपवाद, छोटी बेटं. इटलीतलं प्रोचिदा किंवा ग्रीसमधलं सिमी, तिथं दिवसभराचे पाहुणे संध्याकाळच्या बोटीनं निघून जातात आणि मग गाव एकदम वेगळं होतं, त्यामुळे तिथं मात्र निदान एक रात्र राहाच.

गर्दीचं गणित सोपं आहे. ग्रुप टूर आणि क्रूझवाले साधारण सकाळी दहाला येतात आणि पाचच्या सुमारास परत जातात. म्हणून गाव बघायचं ते सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी, आणि मधल्या वेळात पोहा, डोंगरावरच्या वाटेनं चाला किंवा सरळ झोपा, तिथली बरीचशी दुकानंसुद्धा दुपारी बंदच असतात. कुठल्या दिवशी कुठल्या बंदरात किती क्रूझ जहाजं येणार याचं वेळापत्रक ऑनलाइन बघायला मिळतं. चिंक्वे तेर्रेजवळच्या ला स्पेत्सिया बंदरात दोन मोठी जहाजं असतील त्या दिवशी चिंक्वे तेर्रेचं नाव काढू नका, उलट्या दिशेला जा.

लिगुरियाचंच उदाहरण घेऊन सांगतो, कारण ही पद्धत तिथं सगळ्यात चांगली जमते. चिंक्वे तेर्रेची पाच गावं म्हणजे मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला आणि रियोमाज्जोरे. 1997 पासून हा भाग युनेस्कोच्या यादीत आहे. लेवांतो आणि ला स्पेत्सियाच्या मधे सीझनमधे दर पंधरा-वीस मिनिटांनी लोकल आहे आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला जेमतेम काही मिनिटं, त्यातली बरीचशी बोगद्यात, त्यामुळे ट्रेनमधून समुद्र दिसेल अशी फार आशा ठेवू नका. दिवसभर ट्रेन आणि चालायच्या वाटा दोन्ही चालतील असं एक कार्ड मिळतं, दोन-तीन गावं आणि एखादी वाट करणार असाल तर तेच घ्या.

पाचही गावं एका दिवसात टिकमार्क करायची नाहीत. वेर्नात्सात सकाळी जा, धक्क्यावर बसा, मग मोंतेरोस्सोकडच्या वाटेनं चाला, दोनेक तासांची चढउताराची वाट आहे आणि कडेला दगडावर दगड रचून केलेले द्राक्षाचे मळे लागतात, त्या भिंतींत चुना-सिमेंट काही नाही, नुसती रचाई. वेर्नात्साहून चालायला सुरुवात करायचं कारण म्हणजे शेवटी मोंतेरोस्सोत पोचल्यावर पाचांतला सगळ्यात मोठा बीच समोर असतो, थेट पाण्यात. या वाटांवर साध्या चपला घालून गेलात तर दंड होऊ शकतो, बूट घाला. कोर्नील्या एकटंच गाव वर डोंगरावर आहे, स्टेशनपासून पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत किंवा छोटी बस आहे, पण त्यामुळेच तिथं गर्दी जरा कमी. रियोमाज्जोरे ते मानारोला ही ‘प्रेमाची वाट’ म्हणून ओळखली जाणारी वाट 2012 साली दरड कोसळल्यावर बंद झाली होती ती 2024 ला पुन्हा उघडली, तिला वेळ ठरवून वेगळं बुकिंग लागतं. छोटीशी आहे, नाही मिळालं बुकिंग तर फार हळहळू नका.

आणि मग एक दिवस लिगुरियातल्याच कामोल्यीला काढा. धक्क्याला लागून उंच उंच रंगीत घरं, जवळ जाऊन बघितलं की कळतं त्यातल्या काही खिडक्या खऱ्याच नाहीत, भिंतीवर रंगवलेल्या आहेत. तिथून बोटीनं सान फ्रुत्तुओझोला जायचं, खाडीत लपलेला जुना मठ, रस्ताच नाही, एकतर बोट नाहीतर डोंगरावरून पायी. त्या खाडीत पाण्याखाली साधारण 17 मीटरवर 1954 साली ठेवलेला येशूचा पुतळा आहे, डायव्हिंगवाले त्यासाठीच येतात. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.

लोकल ट्रेनचं तिकीट आधीपासून काढून ठेवायची गरज नसते, आधी काढलं म्हणून स्वस्त पडत नाही. पण कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशिनमधे शिक्का मारून घ्यायचा, मोबाईलवरचं असेल तर चेक-इन करायचं. नाही केलं तर तिकीट असूनही दंड, आणि टूरिस्ट आहे वगैरे काही चालत नाही.

आमाल्फीला जाणार असाल तर सालेर्नोहून बोटीनं जा, किनारा पाण्यातूनच नीट दिसतो आणि तो अरुंद रस्ता टळतो. बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात. बसनंच सोरेंतोहून गेलात तर उजवीकडची खिडकी पकडा, समुद्र त्या बाजूला असतो. आमाल्फी गावात गर्दीनं जीव नकोसा झाला की चालत दहा मिनिटांवर आत्रानी आहे, क्षेत्रफळानं इटलीतली सगळ्यात छोटी नगरपालिका, एक चौक, एक छोटा बीच, झालं.

कधी जायचं हा प्रश्न सगळे विचारतात. मे-जून किंवा सप्टेंबर. यात पोहायचं असेल तर डोळे झाकून सप्टेंबर, कारण समुद्र उन्हाळाभर तापत येतो आणि मे महिन्यात पाणी अजून चांगलंच गार असतं. ऑगस्ट टाळा, 15 ऑगस्टला इटलीत मोठी सुट्टी असते आणि त्या आठवड्यात अख्खा देश बीचवर उतरतो. ऑक्टोबर संपत आला की लिगुरियात जोरदार पाऊस होऊ शकतो, 2011 च्या ऑक्टोबरमधेच वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोत पुरानं चिखलाचे ढीग आणले होते. ग्रीसच्या एजियन बेटांवर जुलै-ऑगस्टमधे मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, आकाश निळंशार आणि तरी बोटी बंद, कारण वारा फार वाढला की बंदरातून बोटी सोडतच नाहीत.

बीचबद्दल दोन गोष्टी. मऊ वाळू सगळीकडे मिळेल असं समजू नका, बऱ्याच ठिकाणी गोटे नाहीतर खडक, पाण्यात घालायचे रबरी बूट घेऊन जा, खडकांवर काटेरी सी अर्चिन असतात. आणि इटलीत छत्र्या-खुर्च्या ओळीनं मांडलेला भाग पैसे देऊन वापरायचा असतो, फुकटचा भाग शोधायचा तर स्पियाज्जा लीबेरा अशी पाटी बघा, बहुतेक वेळा बीचच्या टोकाला असते.

खाण्याचं म्हणाल तर धक्क्यावर फोटोवाला मेन्यू असेल तिथं बसू नका, दोन गल्ल्या आत जा. बिलात माणशी कोपेर्तो म्हणून छोटी रक्कम लागते ती फसवणूक नाही, पद्धतच आहे. ताज्या माशाचा भाव मेन्यूत बऱ्याचदा 100 ग्रॅमचा लिहिलेला असतो, तेव्हा मासा वजन करून दाखवा म्हणा, नायतर बिल बघून डोळे पांढरे होतील. पदार्थाच्या नावापुढे चांदणी असेल तर तो फ्रोझन आहे असं समजा. मासे खात नसाल तरी लिगुरियात उपाशी राहायची वेळ येत नाही, पेस्तो (तुळशीसारख्या बेसिलच्या पानांची चटणी) तिथलाच, फोकाच्चा (ऑलिव्ह तेल लावलेला चपटा पाव) तिथलीच, आणि हरभऱ्याच्या पिठाची भट्टीत भाजलेली फारिनाता तर नक्की खा. कॉफी काउंटरपाशी उभं राहून प्यायली की टेबलापेक्षा स्वस्त पडते. संध्याकाळी साडेसातच्या आधी बऱ्याच ठिकाणी किचनच उघडत नाही, त्यामुळे पाचला पोटात काहीतरी ढकलून ठेवा.

गाडी घेतलीच असेल तर इटलीत जुन्या गावात शिरताना ZTL, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेला भाग, अशी पाटी दिसली की वळा. तिथं कॅमेरे असतात आणि दंड काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत घरी येतो.

बेटावर मुक्काम असेल तर परतीच्या विमानाच्या दिवशी बोट ठेवू नका. आदल्या रात्री एअरपोर्टच्या गावात येऊन झोपा, ते गाव कितीही कंटाळवाणं असलं तरी.