अनेक सर्व्हरवरील लिनक्स अद्ययावत ठेवताना

सर्व्हर दोन-तीन असतात तोवर प्रत्येकावर लॉगिन करून अपडेटची आज्ञा देणे जमून जाते. संख्या तीसच्या पुढे गेली की कोणता सर्व्हर राहिला हे खात्रीने कोणालाच सांगता येत नाही, आणि राहिलेला सर्व्हर बहुधा तोच असतो ज्याच्याकडे एरवी कोणी फिरकत नाही. पुढील पद्धत डेबियन व उबंटू या लिनक्सच्या प्रकारांवर चालणाऱ्या पन्नास-साठ सर्व्हरसाठी लिहिली आहे. रेड हॅट या दुसऱ्या प्रकाराच्या घराण्यात आज्ञा बदलतात, कामाचा क्रम तोच राहतो.

पहिले काम यादीचे. प्रत्येक सर्व्हरपुढे त्याची आवृत्ती, त्यावर चालणारे काम, बंद करण्यापूर्वी कोणाला विचारायचे त्याचे नाव, आणि त्या आवृत्तीचा पाठिंबा संपण्याची तारीख लिहावी. शेवटचा रकाना सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. उबंटूच्या दीर्घ पाठिंब्याच्या आवृत्तीला नेहमीची अपडेट पाच वर्षे मिळतात. रेड हॅटच्या घराण्यातील सेंटओएस ७ चा पाठिंबा ३० जून २०२४ रोजी संपला. मुदत संपलेल्या उबंटूवरही अपडेटची आज्ञा बहुधा विनातक्रार चालते आणि नवीन काही नाही असे कळवते, त्यामुळे सारे आलबेल असल्याचा समज होतो. अशा सर्व्हरचे स्थलांतर हे वेगळे काम समजून त्याची वेगळी तारीख ठरवावी.

सुरक्षेची अपडेट आपोआप बसू द्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हे पॅकेज (बसवायला तयार सॉफ्टवेअरचा गठ्ठा) पुरते, मात्र त्याची वेळ तपासून घ्यावी. मूळ मांडणीनुसार ते सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे सकाळी सहा वाजता, आणि त्यापुढे एका तासापर्यंतच्या कोणत्याही क्षणी, कामाला लागते. सर्व्हरचे घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असेल, तर आपल्याकडे तेव्हा साडेअकरा ते साडेबारा वाजलेले असतात, म्हणजे ऐन कामाची वेळ. लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या टायमरमध्ये ती बदलून रात्रीची करावी. डेटाबेसची पॅकेजे या आपोआप बसणाऱ्या यादीतून वगळावीत, कारण पॅकेज बदलताना सेवाही पुन्हा सुरू केली जाते आणि चालू व्यवहार अर्ध्यावर तुटतात.

उरलेली अपडेट महिन्यातून एकदा, टप्प्याटप्प्याने द्यावीत. आधी चाचणीचे सर्व्हर, दोन-तीन दिवसांनी प्रत्यक्ष कामातील मोजके, आणि त्यानंतर बाकीचे. यात एक मेख आहे: सोमवारी चाचणीच्या सर्व्हरवर जी पॅकेजे बसली, तीच पुढच्या सोमवारी मिळतील याची खात्री नसते, कारण मधल्या काळात पॅकेजे जिथून येतात त्या भांडारात नवीन आवृत्ती आलेली असते. म्हणून ‘ॲप्टली’सारख्या साधनाने भांडाराची प्रत एका तारखेला गोठवून ठेवावी आणि सर्व टप्प्यांना त्याच प्रतीतून पॅकेजे द्यावीत. अनेक सर्व्हरवर एकदम काम करणारे ॲन्सिबल वापरत असाल, तर ‘सिरियल’ या निर्देशाने एका वेळी किती सर्व्हर घ्यायचे ते ठरवता येते, आणि ‘मॅक्स फेल पर्सेंटेज’ने ठरावीक प्रमाणाबाहेर सर्व्हर अडकले की काम तिथेच थांबवता येते. टप्पे लांबवण्यालाही मर्यादा हवी. वॉनाक्राय हे खंडणी मागणारे मालवेअर १२ मे २०१७ रोजी पसरले, तेव्हा त्या त्रुटीवरचा विंडोजचा पॅच येऊन जवळजवळ दोन महिने झाले होते. मी सर्व टप्पे मिळून दोन आठवड्यांवर जाऊ देत नाही.

आता रीबूटविषयी, कारण खरी आबाळ इथेच होते. पॅकेज डिस्कवर बसले तरी आधीपासून चालू असलेली प्रक्रिया मेमरीतील जुनीच लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड) वापरत राहते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतील हार्टब्लीड ही त्रुटी उघड झाली, तेव्हा नवीन पॅकेज बसवूनही वेब सर्व्हर पुन्हा सुरू न करणाऱ्यांचे दार तसेच उघडे राहिले. कोणत्या सेवा पुन्हा सुरू करायच्या हे ‘नीडरीस्टार्ट’ हे साधन सांगते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलला असेल, तर उबंटूवर ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची फाइल तयार होते. ती कोणत्या सर्व्हरवर आहे हे रोज गोळा करावे.

कित्येक महिने न थांबलेल्या सर्व्हरला अपडेट देण्यापूर्वी एकदा नुसते रीबूट करावे. हा धडा मी किंमत मोजून शिकलो. दोन वर्षांहून अधिक काळ चालू असलेला एक सर्व्हर अपडेटनंतर रीबूट केला. तो नीट उठला, सेवाही सुरू झाली, पण जुन्या फायली दिसेनात. दिवसभर आम्ही नव्या कर्नलला दोष देत बसलो. कोणीतरी कधीकाळी डेटाची डिस्क हाताने जोडली होती आणि बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या एफएसटॅब या फाइलमध्ये तिची ओळ लिहिलीच नव्हती, त्यामुळे ॲप्लिकेशन मूळ डिस्कवरच्या रिकाम्या डिरेक्टरीत निमूटपणे लिहीत होते. आधी रीबूट केले असते, तर हा दोष अपडेटचा नाही हे पाच मिनिटांत कळले असते.

तीन सदस्यांच्या क्लस्टरमध्ये, म्हणजे एकच काम मिळून करणाऱ्या सर्व्हरच्या गटात, निर्णयासाठी दोन सदस्य लागतात, म्हणून तेथे एका वेळी एकच घ्यावा, आणि तो परत येऊन इतरांच्या बरोबरीला आल्याची खात्री झाल्याखेरीज पुढच्याला हात लावू नये. केवळ पिंगला (सर्व्हर नेटवर्कवर आहे का हे बघणाऱ्या आज्ञेला) उत्तर मिळणे ही ती खात्री नव्हे. विनंत्या अनेक सर्व्हरमध्ये वाटणाऱ्या लोड बॅलन्सरमागील सर्व्हर आधी त्यातून काढावा, चालू विनंत्या संपू द्याव्यात, मग रीबूट करावा.

काम सुरू करण्यापूर्वी कन्सोलची, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन न होताही सर्व्हरचा पडदा दाखवणारी, वाट उघडते ना, हे प्रत्यक्ष उघडून बघावे; नवा कर्नल उठला नाही तर बूट करून देणाऱ्या ग्रबच्या यादीतून जुना निवडण्यासाठी तीच लागते. बूटचे विभाजन वेगळे व लहान असेल, तर जुन्या कर्नलांनी ते भरलेले नाही हेही तपासावे. आभासी मशीनचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची प्रत, घ्यावा, पण आठवड्याभरात तो काढून टाकावा, कारण तो वाढत जाऊन साठवणुकीची जागा खातो. डेटाबेसचा बॅकअप मात्र वेगळाच घ्यावा लागतो.

दर सोमवारी एक छोटा तक्ता काढावा: बसवलेला कर्नल, प्रत्यक्ष चालू असलेला कर्नल, आणि शेवटच्या अपडेटला झालेले दिवस. पहिले दोन रकाने जुळत नसतील, तर तेथे रीबूट बाकी आहे. त्याच तक्त्यात ‘होल्ड’ केलेली, म्हणजे अपडेट होण्यापासून रोखलेली, पॅकेजेही यावीत, आणि प्रत्येकापुढे ते कोणी, कधी व कशासाठी रोखले हे लिहिलेले असावे. ज्याच्यापुढे काहीच लिहिलेले नाही, त्याचा होल्ड पुढच्या फेरीत आधी चाचणीच्या सर्व्हरवर काढून बघावा.