बिअर कुठल्या क्रमाने प्यायची: या चुका टाळा

नाशिकच्या माणसाला वाईन टेस्टिंगला नेलं की आधी स्पार्कलिंग, मग व्हाईट, मग रेड आणि गोडवाली शेवटी, हे बरोबर माहीत असतं. तोच माणूस घरी चार प्रकारच्या बिअर आणतो आणि हाताला लागेल ती पहिली उघडतो.

सगळ्यात वाईट म्हणजे आयपीएने, म्हणजे हॉप्स नावाच्या फुलांनी कडू केलेल्या बिअरने, सुरुवात करणं. गंगापूर धरणाच्या बाजूला एका मित्राच्या शेतावर जमलो होतो, एकाने पुण्याहून क्राफ्ट बिअर आणल्या होत्या आणि त्याने डबल आयपीएच (आयपीएहून स्ट्राँग आणि कडू) आधी सगळ्यांच्या ग्लासात ओतली, का तर "भारीवाली आधी घ्या, नंतर चव कळत नाही". मी थांब म्हणेपर्यंत ग्लास रिकामे. मग विटबिअर, म्हणजे गव्हाची हलकी बिअर, उघडली. तिच्यात संत्र्याची साल आणि धणे असतात, कडूपणा फार तर २० आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक), आणि डबल आयपीए सुरूच होते ६० च्या आसपास. सगळे म्हणाले ही तर पाणी आहे, खराब निघाली, आणि उरलेली मातीत ओतून दिली. इतका जीव तुटला माझा! बिअरमध्ये काही खोट नव्हती, जिभेवर हॉप्सचा कडूपणा बसला होता. तिचीच दुसरी बाटली मी दुसऱ्या दिवशी जेवणाआधी उघडली तर धण्याचा वास स्वच्छ येत होता.

दुसरी चूक म्हणजे रंग बघून क्रम लावणं. काळी म्हणजे स्ट्राँग असं कोणी सांगितलं? गिनेस ड्राफ्ट काळीभोर असून अल्कोहोल ४.२ टक्के, आणि बेल्जियन ट्रिपल सोनेरी दिसते पण ८-९ टक्के सहज असते. मी सगळ्या बाटल्या टेबलावर मांडून लेबलवरचा टक्का वाचतो, कमीवाली आधी, टक्का सारखा असेल तर कमी कडू ती आधी. अपवाद ड्राय स्टाउटचा, म्हणजे गिनेससारख्या काळ्या बिअरचा, टक्क्याने ती पहिली येईल पण भाजलेल्या बार्लीची चव हलक्या सोनेरी पिल्सनरला मारते, म्हणून ती पिल्सनरच्या नंतर. म्हणजे विटबिअर, पिल्सनर, ड्राय स्टाउट, आयपीए, ट्रिपल आणि इम्पीरियल स्टाउट (स्टाउटचाच खूप स्ट्राँग प्रकार) सगळ्यात शेवटी. लेबल वाचायला दोन मिनिटं लागतात, तेवढाही धीर नसेल तर महागाची बिअर आणूच नका.

आयपीएसोबत तिखट शेव किंवा मिसळ नको, कडू आणि तिखट एकमेकांना वाढवतात. साधे खारे दाणे ठेवा. मधेमधे पाणी प्या.

इम्पीरियल स्टाउट फ्रिजमधून काढून लगेच ओतू नका, १०-१२ डिग्रीला तिचा कॉफी-चॉकलेटचा वास मोकळा होतो, त्यामुळे आयपीए ओतली की मी तिला बाहेर काढून ठेवतो. आणि चार जणांत एकच उघडा, उरलेली झाकण लावून ठेवली तरी दुसऱ्या दिवशी गॅस गेलेला असतो.