यूलची लटकनं बनवताना या चुका टाळा

नोव्हेंबर संपता संपता स्टॉकहोममध्ये दुपारी तीनलाच अंधारून येतं आणि घरोघरी यूलची तयारी सुरू होते. 21-22 डिसेंबरच्या सर्वांत लांब रात्रीनंतर दिवस पुन्हा मोठा व्हायला लागतो. त्या सुमाराचा हा उत्तरेकडचा जुना सण आता नाताळात मिसळून गेला आहे. दारा-खिडक्यांत टांगायची लाकडाची, काडाची, सुक्या संत्र्यांची शुभ लटकनं घरीच करायची पद्धत मात्र टिकून आहे. इकडे राहणारी आपली मंडळीही ती हौसेनं करतात. मग चकती तडकते, रंग पसरतो, संत्र्याला बुरशी येते. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं: ओल जायच्या आधी केलेली घाई.

ओली चकती हीटरवर ठेवणं

बर्चच्या ओल्या फांदीच्या चकत्या पाडायच्या आणि लगेच हीटरवर मांडायच्या, ही सर्रास दिसणारी चूक. लाकूड सुकताना सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही. वलयांच्या गोलाईत ते जास्त आकसतं, कडेपासून गाभ्याकडे कमी. हा ताण सहन झाला नाही की कडेपासून थेट मध्यापर्यंत भेग जाते. म्हणून सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून थंड खोलीत तीन-चार आठवडे ठेवा आणि कागद ओलसर लागला की बदला. वरून हात लावून आतली ओल कळत नाही. एक चकती दर दोन दिवसांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलत राहा. वजन उतरायचं थांबलं की ती रंगवायला घ्या. एवढं करूनही भेग पडलीच, तर ती बुजवत बसू नका. चकती फिरवून भेग वर आणा आणि दोरा तिच्यातूनच ओवा. मला तर अशी चकती जास्त देखणी वाटते.

कोऱ्या लाकडावर रंग

चकतीचा कापलेला भाग रंग पिऊन टाकतो, त्यामुळे बारीक रेघ फुटते. आधी पांढरा गोंद पाण्यात पातळ करून त्याचा एक हात द्या, वाळू द्या, 240 नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकेच घासा आणि मगच अ‍ॅक्रिलिक रंग लावा. स्केच पेननं काढलेलं चित्र वॉर्निशनं पसरू शकतं, तेव्हा एका टाकाऊ तुकड्यावर आधी लावून बघा. बर्फासारखे गोल ठिपके हवे असतील तर ब्रशची मागची बाजू रंगात बुडवून टेकवा.

मिटलेले पाइन कोन रंगवणं

पावसा-बर्फातून आणलेला कोन, म्हणजे पाइनच्या झाडाचं लाकडी पाकळ्यांचं फळ, मिटलेला असतो. तसाच रंगवला की घरातल्या उबेत उमलतो आणि आतले रंग न लागलेले भाग उघडे पडतात. आधी 100 अंशांच्या ओव्हनमध्ये, कागद घातलेल्या ट्रेवर अर्धा-पाऊण तास ठेवा. आतले किडेही मरतात. ओव्हनजवळून मात्र हलू नका, कोनात राळ असते आणि ती पेट घेऊ शकते. दोरा गरम गोंदानं चिकटवण्यापेक्षा पातळ तार खालच्या पाकळ्यांभोवती गुंडाळा, कारण पाकळ्या हवेप्रमाणे हलत राहतात आणि चिकटवलेलं सुटतं. बाहेर टांगलेला कोन दमट दिवशी पुन्हा मिटला तर काही बिघडलेलं नाही. कोरडी हवा आली की तो उमलेल.

संत्र्याच्या चकत्या चिकट राहणं

पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या एकसारख्या चकत्या कापा, दोन्ही बाजूंनी टिपून घ्या आणि 90 अंशांवर चार-पाच तास, अधूनमधून उलटत सुकवा. काळपट झाल्या तर उष्णता जास्त झाली. मधल्या पांढऱ्या भागाला बोट चिकटलं तर अजून वेळ हवा. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत सुकलेली चकतीही पुन्हा मऊ पडते. तिथे ती शेवटच्या दोन-तीन दिवसांतच बाहेर काढावी आणि तोवर घट्ट डब्यात ठेवावी.

काड कोरडंच वाकवणं

एवढ्या एका ठिकाणी ओल हवी. लाल दोऱ्यानं बांधलेला काडाचा बोकड म्हणजे स्वीडिश यूलची ओळख. येव्ले शहरात 1966 पासून त्याचा 13 मीटर उंचीचा अवतार उभारतात, आणि पहिलाच बोकड त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला कुणीतरी जाळला होता. कोरडं काड वाकवताच तडकतं. कोमट पाण्यात तासभर भिजवा, ओलं असतानाच वाकवा आणि आवळून बांधा. वाळल्यावर ते बारीक होतं आणि दोरा सैलावतो, म्हणून शेवटची गाठ दुसऱ्या दिवशी मारा. मेणबत्तीच्या आसपास हा बोकड अजिबात नको.

चिन्हं आणि पानं न पारखता घेणं

रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतली अक्षरं दिसायला सुंदर आहेत, पण तिवाझ आणि ओथाला ही दोन नवनाझी गटांनी आपल्या झेंड्यांवर घेतली आहेत. शेजाऱ्याच्या दारावर टांगायच्या भेटीवर ती नकोत. सूर्य, तारा, बोकड काढा.

जंगलात जमिनीवर पडलेले कोन आणि वाळक्या काटक्या उचलायला स्वीडनमध्ये मुभा आहे, उभ्या झाडाची फांदी तोडायला नाही. चकत्यांसाठी लागणारी फांदीही जागामालकाला विचारूनच घ्या. मिसलटो, म्हणजे दुसऱ्या झाडांवर वाढणारी आणि नाताळात दारात टांगली जाणारी वनस्पती, स्वीडनमध्ये संरक्षित आहे. हॉली या काटेरी पानांच्या झुडपाची लाल फळं पोटात गेली तर त्रास होतो, आणि यू या सदाहरित झाडाची पानं व बिया तर जीवघेण्या विषारी असतात. घरात रांगतं मूल, कुत्रा किंवा मांजर असेल तर या दोन्हींऐवजी लाकडी मणी लाल रंगवून ओवा.