थंडीत मलप्रभेकाठी चालायला निघताना

बेळगाव-खानापूर-जांबोटी या रूटवर मी २८ वर्षं कंडक्टर होतो. गाडीतली माणसं मोजल्याशिवाय डबल बेल द्यायची नाही, ही सवय हाडात मुरली. निवृत्तीनंतर दर थंडीत पंधरा-सोळा जणांना घेऊन नदीकाठानं आणि डोंगराच्या पायथ्यानं चालायला जातो, तेव्हा तीच सवय सगळ्यात जास्त कामाला येते. म्हणून आधी तिच्याबद्दलच सांगतो.

पहिल्याच वर्षी हब्बनहट्टीच्या स्वयंभू मारुतीचं दर्शन घेऊन आम्ही मलप्रभेच्या कडेनं खाली निघालो. सतरा जण होतो. एका ओढ्याशी बूट काढून सगळे पलीकडं गेले, गप्पा रंगल्या, आणि पाऊण तासानं ध्यानात आलं की आपण सोळाच आहोत. एक काका बुटाची नाडी बांधायला मागं बसले होते. उठले तर समोर दोन पाणंदी, आणि त्यांनी दुसरीच धरली. सापडले तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. पिंजराच्या गंजीला टेकून बसले होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि झाडीत त्याच्याही आधी अंधारतं. अजून अर्धा तास गेला असता तर काय झालं असतं, हा विचार आजही मला झोपू देत नाही.

तेव्हापासून पद्धत ठरली ती अशी. निघताना प्रत्येकाला एक नंबर. ओढा ओलांडला, कुंपण ओलांडलं, वाट फुटली, चहाला थांबलो, की प्रत्येकानं आपापला नंबर मोठ्यानं म्हणायचा. शेवटचा नंबर ऐकू आल्याशिवाय पाऊल पुढं नाही. गळ्यात शिट्टी असते. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, अगदी एसटीच्या बेलसारखं, आणि सलग तीन म्हणजे मदतीला या. पुढं एक वाटाड्या आणि सगळ्यात मागं एक जाणता गडी, ज्याच्या मागं कुणीच राहायचं नाही. आणि जो सगळ्यात हळू चालतो त्याला वाटाड्याच्या पाठीमागं दुसरा ठेवा. मागं ठेवलं तर तो बिचारा दिवसभर पळत असतो. सगळे बसून दम खातात, तो येऊन पोचतो, आणि तेवढ्यात सगळे उठतात. विसाहून जास्त माणसं मी घेत नाही. त्यापुढं शेवटच्या माणसाचा आवाज पोचत नाही.

दिवस निवडताना भाताकडं बघा. कापणी-मळणी व्हायच्या आधी शिवारात चिखल असतो, बांधावर पाय ठेवायला जागा नसते, आणि कणकुंबीकडच्या झाडीत जळवा असतात. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे दिवस खरे. त्यानंतर गवत वाळून कोळ होतं, वणवे लागतात, उन्हात नदीकाठचे खडक तापतात. डिसेंबरात सकाळी दव इतकं असतं की गुडघ्यापर्यंत विजार भिजते, म्हणून मोज्यांचा एक जास्तीचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. गवताची कुसळंही याच दिवसांत पिकतात. लोकरीच्या मोज्यात ती घुसली की निघत नाहीत, जाड सुती मोजे बरे.

नवखी माणसं असतील तर पहिली चाल खानापूर ते असोगा. स्टेशनवर उतरून चालत जाता येतं, नदीकाठी रामलिंगेश्वराचं देऊळ आहे, सावली आहे. थोडा चढ हवा असेल तर येळ्ळूरचा राजहंसगड. गडावर डांबरी रस्ता गेलाय, पण तुम्ही गावातून शिवारानं जा. काळ्या जमिनीत भातानंतर मसूर, वाटाणा उभा असतो. बांध सोडून रानात उतरू नका, एका पावलानं चार झाडं जातात. तिसरी चाल शिनोळीवरून देवरवाडीला, तिथून वैजनाथाच्या दगडी देवळाला आणि पुढं महिपाळगडाला. या गडाच्या आत गाव नांदतंय. पाणी मागितलं की तिथल्या बायका गूळही पुढं करतात, तेव्हा रिकाम्या हातानं जाऊ नका. शेतीच्या दिवसात साखर किंवा चहाची पूड नेली तर आनंदानं घेतात.

माझ्या मनातली चाल मात्र कणकुंबीची. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडं निघते, थेट कूडलसंगमला कृष्णेला मिळेपर्यंत. याच खानापूर तालुक्यात म्हादईही जन्मते, पण ती पश्चिमेला वळून गोव्यात उतरते. एकाच तालुक्याचं पाणी दोन समुद्रांना जातं, हे मी कितीतरी वर्षं तिकिटं फाडताना ऐकून होतो. चिगुळ्याच्या माउलीच्या देवळापाशी उभं राहून खाली गोव्याकडची दरी बघितली तेव्हा ते मला पहिल्यांदा कळलं. माणसांना तिथं पंधरा मिनिटं गप्प बसवा.

भीमगडाच्या बाजूला जायचं असेल तर आधी वनखात्याची परवानगी. २०११ साली ते अभयारण्य झालं. गावातला कुणी ‘चला ओ, काय होत नाही’ म्हणाला तरी जाऊ नका, उद्या दंड आणि खटला त्याच्यावरही येतो. तिथल्या बारापेडेच्या गुहेत जगात फार थोड्या ठिकाणी आढळणारी वटवाघळं राहतात. गर्दीनं आणि बॅटऱ्या घेऊन त्यांना उठवणं मला पाप वाटतं.

नदी धरून चाललं की वाट चुकत नाही, असं सगळे म्हणतात. अर्धं खरं आहे. काठ सलग नसतो. मध्ये ऊस, काटेरी कुंपण, पंपाच्या वायरी येतात. गवा आणि रानडुक्कर येऊ नयेत म्हणून काही शेतकरी तारेत करंट सोडतात, म्हणून शेताच्या कडेची कुठलीही तार हातानं उचलायची नाही, लांबून वळसा घ्यायचा. बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबतं. पलीकडं गुडघाभर असलेली नदी तिथं पुरुषभर होते, वरून मात्र शांत दिसते. पोहायचं नाही हे निघतानाच सांगून ठेवा, काठावर गेल्यावर पोरं ऐकत नाहीत. खडकाला किंवा उंच झाडाला आग्या मोहोळ दिसलं तर धूर नाही, अत्तर नाही, दगड तर मुळीच नाही. गवा दिसला तर थांबा, तो जाईल. अस्वलासाठी एकच उपाय, पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलात नसणं आणि बोलत चालणं.

सीमेवर चालताना आणखी एक सांभाळा. मोबाइल कधी कर्नाटकचा, कधी महाराष्ट्राचा, घाटाच्या तोंडाला गोव्याचा टॉवर धरतो. ११२ ला फोन लावलात तर आधी राज्य सांगा, मग जिल्हा, तालुका, गाव, जवळचं देऊळ. घाबरलेला माणूस ‘मी देवळाजवळ आहे’ एवढंच सांगतो. म्हणून सकाळीच एका कागदावर हे लिहून सगळ्यांच्या खिशात द्या. बसवरच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, वनरक्षकही बहुतेक कन्नड बोलणारे. वाचता-बोलता येणारा एक तरी माणूस बरोबर असू द्या आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ स्टँडवर विचारूनच निघा.

डबा साधा ठेवा. नाचण्याची किंवा ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. चिरमुरे-फुटाण्यांची एक पिशवी सगळ्यांत फिरती. माणशी दोन लिटर पाणी घरूनच न्या, थंडीत तहान जाणवत नाही पण डोकं दुखायला लागतं. दिवस रताळ्यांचे असले तर कुणीतरी शेतकरी हाक मारतोच. शेकोटी त्याच्या खळ्यावर, त्याच्या हातानं, जंगलात कधीच नाही.

घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि अंगावर गोचीड शोधा. काखेत, कमरेला, गुडघ्यामागं, कानामागं. पिल्लं तिळाएवढी असतात. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचं, चिरडायचं नाही. शेजारच्या सत्तरी-दोडामार्ग भागात माकडताप होऊन गेलाय, आणि तो गोचिडातून येतो. चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत अचानक थंडीताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आधी सांगा. मी प्रत्येक चालीची तारीख, गावं आणि माणसांची नावं वहीत लिहून ठेवतो आणि दहाव्या दिवशी सगळ्यांना फोन करून तब्येत विचारतो.